माळवद, स्लॅब आणि पत्रा: टिकाऊ घर कशाला म्हणायचे?

मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट जाड छताच्या, घरात मे महिन्याच्या भर दुपारी पाऊल टाकले की बाहेरचे ऊन उंबऱ्यापाशीच थांबल्यासारखे वाटते. त्याच गावातल्या पत्र्याच्या खोलीत त्या वेळी कोणी बसू शकत नाही, आणि सिमेंटच्या स्लॅबखाली दुपार कशीबशी निघाली तरी रात्री जेवणे उरकून अंथरुणे पडली तरी छत आग ओतत असते. एवढे असूनही नवे माळवद आज सहसा कोणी घालत नाही. ज्याच्या हाती चार पैसे येतात, तो आधी स्लॅब टाकतो. शाश्वत वास्तुकलेविषयी लिहिताना ही गोष्ट अडाणीपणाची म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण माझ्या मते या विषयाचा गाभाच तिच्यात आहे.

शाश्वत वास्तुकला म्हणजे कमी ऊर्जा, कमी पाणी आणि कमी साहित्य वापरून, निसर्गाची कमीत कमी हानी करून उभारलेली इमारत, अशी व्याख्या आपण वाचतो. ती चुकीची नाही, पण तिच्यात माणूस दिसत नाही. इमारत कोणाची तरी गरज भागवण्यासाठी उभी राहते, आणि ती गरज भागली नाही तर राहणारा माणूस स्वस्थ बसत नाही. तो भिंत फोडतो, वातानुकूलन यंत्र बसवतो, किंवा घर पाडून दुसरे बांधतो, आणि पहिल्या बांधकामात वाचवलेले सारे त्या एका कृतीत खर्ची पडते. म्हणून एखादे घर शाश्वत आहे की नाही, हे ठरवताना ते माणसाच्या कोणकोणत्या गरजांना उत्तर देते, आणि किती वर्षे देत राहते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

शरीराची गरज: उष्णता बाहेर टाकणे

सर्वांत मूलभूत गरज शरीराची आहे. शांत बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते, म्हणजे जुन्या पिवळ्या प्रकाशाच्या १०० वॅटच्या दिव्याइतकी. ही उष्णता बाहेर गेली तरच शरीराचे आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. ती जाण्याचे मार्ग मोजके आहेत. त्वचेला लागून वाहणारी हवा ती घेऊन जाते, भोवतालच्या भिंती आणि छत त्वचेपेक्षा थंड असतील तर ती किरणांच्या रूपाने त्यांच्याकडे जाते, सारवलेल्या गार जमिनीवर अंग टाकले तर स्पर्शाने जाते, आणि हे सारे अपुरे पडले की घाम येतो व त्याच्या बाष्पीभवनाबरोबर जाते.

यातला दुसरा मार्ग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते. डोक्यावरचा स्लॅब त्याहून गरम झाला की आपण त्याला उष्णता देण्याऐवजी तोच आपल्याला देऊ लागतो, आणि हवा फार तापलेली नसली तरी जीव नकोसा होतो. पंखा लावून हे थांबत नाही, कारण पंखा हवा थंड करीत नाही. तो हवा त्वचेवरून वाहती ठेवतो आणि घाम लवकर सुकवतो. अशा घरात उपाय करायचा तो छताचा करावा लागतो.

माळवद इथे काय करते, ते पाहू. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी त्याची रचना असते. माती उष्णता हळूहळू शोषते आणि हळूहळू पुढे सरकवते. फूटभर जाडीच्या मातीच्या थरातून दुपारची उष्णता आत पोहोचायला आठ-दहा तास लागतात, म्हणजे ती आत येते तेव्हा मध्यरात्र झालेली असते, बाहेरची हवा थंड असते, आणि घरातली माणसे बहुधा अंगणात किंवा माळवदावर झोपलेली असतात. पाच-सहा इंची काँक्रीटच्या स्लॅबमधून हाच प्रवास चार-पाच तासांत होतो, त्यामुळे दुपारी दोनची उष्णता नेमकी संध्याकाळी, सारे घर एकत्र येण्याच्या वेळी, आत उतरते. पत्र्याला तर वेळच लागत नाही. छप्पर किती उष्णता अडवते याइतकेच ती आत कोणत्या वेळी सोडते हेही महत्त्वाचे असते, आणि घर बांधताना माणसाचा दिनक्रम विचारात घ्यायचा तो यासाठी.

हीच युक्ती कोकणात मात्र कामी येत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मराठवाड्याइतके अंतर पडत नाही, त्यामुळे जाड छताने दिवसभर साठवलेली उष्णता सोडायला रात्री पुरेशी थंड हवाच मिळत नाही. शिवाय हवा दमट असल्याने घाम सुकत नाही. तिथे गरज आहे ती वाऱ्याची, आणि म्हणून उंच उतरती कौले, त्यांच्या फटींतून निसटणारी गरम हवा, चारी बाजूंनी सावली धरणारी पडवी आणि पावसापासून जांभ्याच्या भिंती राखणारी लांब वळचण ही तिथली रचना आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी काढलेल्या ‘इको निवास संहिते’तही हा भेद आकड्यांत उतरला आहे: उष्ण-कोरड्या हवामानात घराच्या एकूण चटईक्षेत्राच्या किमान १० टक्के इतकी उघडता येणारी खिडक्या-दारे हवीत, तर उष्ण-दमट हवामानात ती १६.६६ टक्के हवीत. संपूर्ण देशासाठी एकच ‘हरित घर’ असू शकत नाही, हे त्या दोन आकड्यांवरून दिसते.

मग माळवद का सोडले?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनाच्या रात्री थकून झोपलेल्या लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे आपल्याच घरांखाली दबून गेली. भूकंपाची तीव्रता ६ ते ६.५ च्या दरम्यान होती. जगात इतक्या तीव्रतेचे भूकंप वारंवार होतात आणि अनेक ठिकाणी तुलनेने थोड्या हानीवर निभावते. इथे मृत्यूचे मोठे कारण घरांच्या बांधणीत होते.

ही बांधणी समजून घेतली पाहिजे, कारण उन्हापासून वाचवणाऱ्या गोष्टीच त्या पहाटे जिवावर उठल्या. दगडी भिंत दोन-अडीच फूट, कधी त्याहूनही जाड असे, पण ती एकसंध नसे. बाहेरून एक आणि आतून एक अशा दगडांच्या दोन रांगा, आणि मधल्या पोकळीत मुरूम-मातीची भर. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. जमीन हलली तशा त्या दोन रांगा एकमेकींपासून सुटल्या, फुगल्या आणि कोसळल्या. वर माळवदाचे वजन होते. गळती रोखण्यासाठी दर वर्षी पावसाळ्याआधी मातीचा नवा थर द्यावा लागे, आणि पिढ्यान्‌पिढ्या ही माती साचून तिची जाडी वाढत गेली होती. दीड फूट जाडीचा थर धरला तर छताच्या एका चौरस मीटरवर सुमारे ७०० किलोंचा भार होतो. दहा बाय बाराच्या खोलीचा हिशेब ज्याचा त्याने करून पाहावा.

तरीही अनेक घरांत एक गोष्ट दिसून आली. लाकडी खांब, तुळया आणि त्यांच्यातले सांधे जिथे धडधाकट होते, तिथे भिंती पडल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिला. म्हणजे त्या घरात दोष होते, तशी चांगली बांधणीही होती, आणि दोष दुरुस्त करण्याजोगे होते. अभियंत्यांनी पुढे त्यासाठी उपायही सांगितले: भिंतीत ठराविक अंतरावर भोके पाडून आरपार जाणारे काँक्रीटचे सांधे घालणे, भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी सलग पट्टा बांधणे, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे आधार ठोकणे, आणि माळवदावरची जादा माती उतरवून छत हलके करणे. यातले कोणतेही काम गावच्या गवंड्याच्या आणि सुताराच्या आवाक्याबाहेरचे नाही.

पण ज्याने आपले मूल दगडाखालून काढले, त्याला ‘हाच दगड नीट रचला तर सुरक्षित आहे’ हे सांगणे आणि पटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक कुटुंबे कित्येक महिने घराबाहेर झोपत होती, आणि दुरुस्तीसाठी साहाय्य मिळालेल्या अनेकांनी जुने घर मजबूत करण्याऐवजी शेजारी विटा-सिमेंटची एक छोटी खोली बांधणे पसंत केले. मला यात कोणताही अविचार दिसत नाही. निर्धास्त झोप ही शरीराच्या गारव्याइतकीच खरी गरज आहे, आणि जे घर रात्री डोळा लागू देत नाही ते कितीही गार असले तरी राहण्याजोगे नाही. त्याच्या जोडीला दर वर्षीचे माती घालण्याचे कष्ट, गळणारे कोपरे, अंधार, विंचू-काट्याची भीती आणि सारवणाचा बायकांवर पडणारा भार होताच. शाश्वत वास्तुकलेच्या गौरवपर लेखनात या कष्टांचा उल्लेख क्वचित येतो, आणि ते अन्यायाचे आहे असे मला वाटते, कारण मातीच्या घराची देखभाल करणारे हात बहुतेक वेळा घरातल्या स्त्रीचे असतात.

घर दिले, पण गाव?

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली, रुंद रस्ते आले, शाळा आणि पाण्याची सोय आली. भूकंपाच्या दृष्टीने ही घरे जुन्यांपेक्षा निश्चितच सुरक्षित होती. मात्र अनेक नव्या गावांची आखणी शहरातल्या वसाहतीसारखी, चौकोनी रांगांची होती. जुन्या गावात अरुंद बोळांमुळे समोरासमोरच्या भिंतींची सावली वाटेवर पडे. रुंद रस्त्यावर ती नाहीशी झाली. ओसरी, जनावरांचा गोठा, कडब्याची जागा आणि भाऊबंदांची लागून असलेली घरे यांनी मिळून जे घर होत असे, ते नुसत्या दोन खोल्यांत बसेना. लातूर जिल्ह्यातल्या गुबाळ येथे तर घुमटाकार घरे बांधली गेली. भूकंपात घुमट उत्तम टिकतो, पण गोल भिंतीला कपाट नीट टेकत नाही आणि मुलाचे लग्न झाल्यावर घुमटावर मजला चढवता येत नाही.

याच पुनर्वसनातला एक भाग मात्र पुढच्या काळासाठी फार मोलाचा ठरला. ज्या गावांत घरे पूर्ण पडली नव्हती, तिथे कुटुंबांनी स्वतः दुरुस्ती करायची आणि सरकारने पैसे व तांत्रिक सल्ला द्यायचा, असे ठरले. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने शेकडो गावांतल्या स्त्रिया संवाद साहाय्यक म्हणून काम करू लागल्या. पट्टा कुठे बांधायचा, सिमेंट-वाळूचे प्रमाण काय, काँक्रीटवर किती दिवस पाणी मारायचे, हे त्या शिकल्या आणि घरोघरी समजावू लागल्या. आपल्या घराचे बांधकाम बरोबर आहे की नाही हे ओळखता येणे, त्याबद्दल गवंड्याला जाब विचारता येणे, ही गरज आराखड्यात कोणत्याही रेषेने दाखवता येत नाही. पण घराचे आयुष्य तिच्यावर अवलंबून असते. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातमध्ये बहुतेक घरमालकांनी टप्प्याटप्प्याने मिळालेल्या साहाय्यातून स्वतःची घरे स्वतः उभारली. कच्छमधली ‘भुंगा’ नावाची मातीची गोल घरे, जी नीट बांधलेली होती, ती त्या भूकंपातही मोठ्या संख्येने टिकली होती. म्हणजे मातीवर ठेवायचा तो दोष बहुधा बांधणीचा असतो.

वाढणारे घर

कुटुंब वाढते आणि मिळकतही हळूहळू वाढते. घराला दोन्हींबरोबर वाढता आले पाहिजे. पुण्यात जन्मलेले वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरजवळच्या ‘अरण्य’ वसाहतीत १९८० च्या दशकात याच गरजेवर काम केले. सुमारे साडेसहा हजार भूखंडांच्या या वसाहतीत सर्वांत गरीब कुटुंबांना पूर्ण घर दिलेच नाही. जोते, नळ, संडास-न्हाणी आणि फार तर एक खोली दिली, आणि पुढचे घर त्यांनी आपल्या ऐपतीने, आपल्या वेळेने बांधावे अशी आखणी केली. वरच्या उत्पन्नगटांसाठीचे भूखंड विकून आलेला पैसा खालच्या गटांच्या सोयींसाठी वापरला गेला. या कामाला १९९५ मध्ये वास्तुकलेसाठीचा आगा खान पुरस्कार मिळाला. नव्या मुंबईत बेलापूर येथे वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात बांधलेल्या वसाहतीत सात-सात घरे एका छोट्या चौकाभोवती आहेत, आणि कोणत्याही दोन घरांत सामाईक भिंत नाही, जेणेकरून शेजाऱ्याला न दुखवता प्रत्येकाला आपले घर वाढवता यावे. आज तिथली अनेक मूळ उतरत्या छपरांची घरे जाऊन दोन-तीन मजली काँक्रीटची घरे उभी आहेत. त्याला काही जण अपयश म्हणतात. मला ते तसे वाटत नाही, कारण घरे बदलली तरी बदलाला वाव देणारी मूळ आखणी आणि शेजाऱ्यांना एकत्र आणणारे ते चौक आपल्या जागी आहेत.

स्लॅब आणि पत्रा राहणारच असतील तर

माणसाने स्लॅब निवडला त्याची कारणे आपण पाहिली: तो गळत नाही, दर वर्षी राबवून घेत नाही, त्यावर मजला चढतो, आणि गावात पत राहते. पण त्याची किंमतही आहे. सिमेंट करताना चुनखडी भाजली जाते तेव्हा त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे भट्टीचे इंधन कितीही स्वच्छ केले तरी तो भाग उरतोच. जगभरच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के मानला जातो. म्हणून सिमेंट नाकारण्यापेक्षा ते जिथे काम करते तिथेच वापरणे हा मला व्यवहार्य मार्ग वाटतो. केरळमध्ये वास्तुकार लॉरी बेकर यांनी रुजवलेला ‘फिलर स्लॅब’ याच विचारातून आला. स्लॅबवर भार पडला की तो किंचित वाकतो. त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दाब काँक्रीट सोसते, ताण लोखंड सोसते. खालच्या भागातले काँक्रीट बरेचसे नुसते लोखंडाला धरून ठेवत असते, म्हणून सळयांच्या चौकटीत मंगलोरी कौले ठेवून तिथले काँक्रीट वाचवता येते. कौलांच्या जोडीत अडकलेली हवा उष्णताही थोडी अडवते. बेकर यांच्याच कामातून परिचित झालेली, विटा उभ्या रचून मधे पोकळी ठेवणारी भिंत सुमारे एक चतुर्थांश विटा वाचवते.

पत्र्याचे उत्तर पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशातल्या गांदो या खेड्यातून आले आहे. त्याच गावात जन्मलेल्या फ्रान्सिस केरे यांनी बर्लिनमध्ये वास्तुकला शिकत असताना गावाच्या शाळेचा आराखडा केला. २००१ मध्ये ती पूर्ण झाली. त्या भागातही आपल्यासारखेच कडक ऊन आणि भिंतींवर बसवलेले पत्रे. केरे यांनी पत्रा टाकला नाही, तो उचलला. वर्गावर मातीच्या विटांचे, मधे फटी ठेवलेले छत घातले, आणि त्याच्याही वर सळयांच्या हलक्या कैच्यांवर, म्हणजे त्रिकोणी सांगाड्यांवर, पत्रा अधांतरी ठेवला. पत्रा तापतो, पण त्याची उष्णता मधल्या मोकळ्या जागेतून वाऱ्याबरोबर निघून जाते, आणि वर्गातली गरम हवा फटींतून वर ओढली जाते. बाहेर लांब आलेला पत्रा मातीच्या भिंतींना पावसापासून राखतो. विजेचा एकही पंखा नसताना वर्ग बसण्याजोगा होतो. गावकऱ्यांना सुरुवातीला मातीच्या भिंतींवर भरवसा नव्हता, आणि केरे यांनी त्यांनाच बांधकामात घेऊन तो निर्माण केला. २०२२ मध्ये त्यांना प्रित्झकर हा वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळाला, त्याच्या चार वर्षे आधी तो दोशींना मिळाला होता.

घर आधीच बांधून झालेले असेल तरी करण्याजोगे पुष्कळ आहे. स्लॅबला उन्हाळा लागण्यापूर्वी चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात दिला तर बरेचसे ऊन शोषले जाण्याआधीच परत फिरते. २०१० च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे तिथे गरीब वस्त्यांतल्या छतांना पांढरा रंग देण्याचे काम त्याच आराखड्याला जोडले गेले. पत्र्याखाली वीतभर मोकळी जागा सोडून बांबूच्या चटईचे किंवा तट्ट्याचे आतले छत बांधले आणि दोन्ही टोकांना हवा जायला वाट ठेवली, तर गांदोच्या शाळेतलेच तत्त्व थोड्या पैशांत कामाला येते. पश्चिमेची भिंत दुपारनंतरच्या तिरप्या उन्हाने तापते, म्हणून झाड किंवा मांडव घालायचा तर आधी त्या बाजूला. आणि नवे घर लहान असले, बजेट अपुरे असले, तरी गच्चीवर जाणारा जिना वगळू नये. खर्च वाचवताना तो अनेकदा पहिल्याने वगळला जातो, कारण आराखड्यात तो खोली नसतो. पण एप्रिल-मेच्या रात्री त्या घरातली म्हातारी माणसे आणि लेकरे झोपणार असतात ती वरच, आणि जिना नसेल तर त्यांना तापलेल्या स्लॅबखाली रात्र काढावी लागते.